मास्टर्स स्नूकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत लंडनला मास्टर्स सुरू झाली की वाचकांचे प्रश्न यायला लागतात, आणि बरेचसे दरवर्षी तेच असतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक माहिती, मग स्पर्धेचा इतिहास आणि शेवटी नियमांतल्या खाचाखोचा असा क्रम आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मास्टर्स ही नेमकी कसली स्पर्धा आहे?

व्यावसायिक स्नूकरपटूंची, फक्त निमंत्रितांसाठी असलेली आणि बाद पद्धतीने खेळली जाणारी स्पर्धा. सोळा खेळाडू, एक टेबल, आणि एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचे आठ दिवस. सुरुवात १९७५ साली झाली. २०२५ ची स्पर्धा १२ ते १९ जानेवारी या काळात झाली आणि शॉन मर्फीने अंतिम सामन्यात कायरन विल्सनला १०–७ असं हरवलं.

नावापुढे दरवेळी वेगळा प्रायोजक दिसतो, त्यामुळे ही दुसरीच स्पर्धा आहे की काय असा घोटाळा होतो. पहिल्या वर्षापासून २००३ पर्यंत बेन्सन अँड हेजेस ही सिगारेट कंपनी प्रायोजक होती. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आले आणि ते नातं संपलं. त्यानंतर प्रायोजक बदलत राहिले. स्पर्धा मात्र तीच.

२. ‘निमंत्रित’ म्हणजे आयोजकांच्या मर्जीने बोलावतात का?

नाही. निमंत्रण जागतिक क्रमवारीवरून ठरतं. डिसेंबरच्या सुमाराला यूके चॅम्पियनशिप संपते, त्या दिवशीची क्रमवारी धरली जाते. गतविजेत्याला पहिलं मानांकन, विश्वविजेत्याला दुसरं आणि बाकीच्यांना क्रमवारीप्रमाणे. पहिल्या आठ मानांकितांच्या जागा ठरलेल्या असतात; नऊ ते सोळामधला कोण कोणासमोर येणार हे सोडतीत ठरतं.

म्हणून यूके चॅम्पियनशिपच्या आठवड्यात पंधराव्या, सोळाव्या आणि सतराव्या क्रमांकांकडे जाणकारांचं बारीक लक्ष असतं. विजेतेपदाच्या जवळपासही नसलेला खेळाडू तिथे दुसऱ्या फेरीत जिवाच्या आकांताने खेळताना दिसला, तर त्याचं कारण बहुधा मास्टर्सची जागा हे असतं.

३. क्रमवारीचे गुण मिळत नाहीत, मग या स्पर्धेला एवढं महत्त्व का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तो बरोबरही आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०१४ पासून स्नूकरची जागतिक क्रमवारी बक्षिसाच्या पैशांवर चालते. मागच्या दोन वर्षांत क्रमवारीच्या स्पर्धांमधून जेवढे पौंड मिळवले, तेवढं तुमचं स्थान. दोन वर्षांपूर्वीची रक्कम वजा होत जाते आणि नवी मिळवत राहावी लागते. त्यामुळे नेहमीच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडू समोरच्याशी खेळता खेळता स्वतःच्या क्रमांकाचीही राखण करत असतो. मास्टर्समध्ये हे ओझं नाही. इथे मिळालेला एकही पौंड क्रमवारीत धरला जात नाही. पहिल्याच फेरीत हरलात तरी क्रमांक हलत नाही, जिंकलात तरी हलत नाही.

यातून दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे खेळाडू मोकळे खेळतात. एरवी सेफ्टी (समोरच्याला सोपी संधी मिळू नये असा बचावाचा फटका) खेळून टाळला असता असा लांबचा लाल चेंडू घेतात. दुसरी त्याहून महत्त्वाची. इथे सोपी फेरीच नसते. क्रमवारीच्या स्पर्धेत अव्वल खेळाडूला सुरुवातीला बहुधा बराच खालचा प्रतिस्पर्धी मिळतो आणि तो हळूहळू लयीत येतो. मास्टर्समध्ये पहिल्या दुपारीच समोर पहिल्या सोळातला माणूस. थंड हाताने टेबलाशी आलेला मोठा खेळाडू तासाभरात ०–३ ने मागे पडलेला दिसतो, आणि सहाच फ्रेम्स (फ्रेम म्हणजे सामन्यातला एक डाव) जिंकायच्या असल्यामुळे सावरायला जागा थोडी उरते.

पैसाही कमी नाही. २०२५ मध्ये विजेत्याचं बक्षीस साडेतीन लाख पौंड होतं आणि एकूण बक्षीस रक्कम दहा लाख पौंडांच्या वर गेली होती. पण खेळाडू या चषकासाठी झुरतात ते पैशांपायी नव्हे. गुण देऊन मास्टर्सला क्रमवारीत घ्यावं अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. माझं मत स्पष्ट विरोधात आहे. गुण आले की हिशेब आला, आणि हिशेब आला की हा आठवडा वर्षातल्या इतर आठवड्यांसारखाच होईल.

४. ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात त्यात मास्टर्स येते का?

येते. विश्वविजेतेपद, यूके चॅम्पियनशिप आणि मास्टर्स या तिघींना मिळून ट्रिपल क्राउन म्हणतात. तिघींपैकी क्रमवारीचे गुण नसलेली ही एकटीच.

५. सामने किती फ्रेम्सचे असतात?

पहिली फेरी, उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी अकरा फ्रेम्सच्या. आधी सहा जिंकेल तो पुढे. चार फ्रेम्सनंतर मध्यंतर होतं आणि सामना एका बैठकीत संपतो. अंतिम सामना एकोणीस फ्रेम्सचा, आधी दहा जिंकेल तो विजेता. तो रविवारी दोन सत्रांत होतो: दुपारी आठ फ्रेम्स, उरलेल्या संध्याकाळी.

अंतिम सामना १९९६ पासून एकोणीसचा आहे, त्याआधी तो छोटा असे. २००७ च्या अंतिम सामन्यात तर खुद्द खेळाडूचाच घोळ झाला. एकोणीस वर्षांचा डिंग जुनहुई रॉनी ओसलिव्हनविरुद्ध ३–९ असा मागे होता, प्रेक्षकांतल्या काहींच्या शेरेबाजीने खचलेला होता. सामना संपला असं समजून तो हस्तांदोलनाला पुढे झाला. ओसलिव्हनने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला धीर देत बाहेर नेलं. मग उरलेली एक फ्रेम झाली आणि निकाल १०–३ लागला. त्या दोघांचं ते चालत जाणं ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या सामन्यातला एकही फटका आठवला नाही तरी ते दृश्य आठवतं.

६. मी नवीन आहे. गुण कसे मोजायचे?

टेबलावर पंधरा लाल आणि सहा रंगीत चेंडू असतात, आणि काठीने मारायचा एक पांढरा. आधी लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, असं आलटून पालटून पॉकेटमध्ये घालायचं. लालचा एक गुण. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७. लाल टेबलावर असेपर्यंत रंगीत चेंडू पुन्हा आपल्या जागी येतो. लाल संपले की रंगीत चेंडू पिवळ्यापासून चढत्या क्रमाने घ्यायचे आणि ते परत येत नाहीत.

एकाच पाळीत सलग मिळवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात. पंधराही लालांबरोबर काळाच घेतला तर १२० गुण, वर शेवटच्या सहा रंगांचे २७, म्हणून कमाल ब्रेक १४७. पडद्यावर कंसात जो आकडा दिसतो तो सामन्याच्या लांबीचा असतो; जिंकलेल्या फ्रेम्स आणि चालू फ्रेमचे गुण वेगळे दाखवलेले असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

७. भारतातून पाहायचं तर सामने किती वाजता सुरू होतात?

रोजची दोन सत्रं लंडनच्या वेळेने दुपारी एक आणि संध्याकाळी सातला सुरू होतात. जानेवारीत भारत साडेपाच तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा आणि रात्री साडेबारा. अंतिम सामन्याचं दुसरं सत्र लांबलं तर पहाट उजाडते. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असेल तर अंतिम सामन्याचं पहिलं सत्र तरी चुकवू नका. कोण कोणावर वरचढ ठरतोय याचा अंदाज त्या आठ फ्रेम्समध्ये येतो. अर्थात अंदाज किती फसू शकतो ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये वाचा.

८. स्पर्धा नेहमी अलेक्झांड्रा पॅलेसलाच होते का?

२०१२ पासून तिथे होते. त्याआधी जागा बदलत गेली, पण शहर लंडनच राहिलं. १९७५ मध्ये वेस्ट सेंटर हॉटेल, मग तीन वर्षं न्यू लंडन थिएटर, १९७९ ते २००६ वेम्ब्ली कॉन्फरन्स सेंटर आणि २००७ ते २०११ वेम्ब्ली अरीना. लंडनबाहेर ती एकदाच गेली. कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, मिल्टन कीन्सला प्रेक्षकांविना झाली.

जुन्या प्रेक्षकांना अजून वेम्ब्ली कॉन्फरन्स सेंटरची हळहळ वाटते. ती इमारत २००६ मध्ये पाडली गेली. अलेक्झांड्रा पॅलेस ही उत्तर लंडनमधल्या टेकडीवरची व्हिक्टोरियन काळातली वास्तू. १८७३ मध्ये खुली झाली, सोळाव्या दिवशी जळाली आणि १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. बीबीसीचं नियमित दूरचित्रवाणी प्रसारण १९३६ मध्ये इथूनच सुरू झालं. लाडाने तिला ‘ॲली पॅली’ म्हणतात.

९. एकाच टेबलावर सगळी स्पर्धा? दोन टेबलं लावून लवकर का आटपत नाहीत?

कारण मास्टर्सचं निम्मं वैशिष्ट्य त्यातच आहे. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये विश्वविजेतेपदाची स्पर्धा होते, तिथे उपांत्यपूर्व फेरी संपेपर्यंत मधे पडदा लावून दोन टेबलांवर खेळ चालतो. पलीकडच्या टाळ्यांनी अलीकडचा खेळाडू फटका मारता मारता थांबतो. मास्टर्समध्ये पहिल्या सामन्यापासून अख्ख्या सभागृहाची नजर एकाच टेबलावर. पांढरा चेंडू कुशनला (टेबलाच्या कडेला) लागून मनाविरुद्ध थांबला की शेकडो लोकांचा एकदम निघालेला सुस्कारा खेळाडूच्या कानावर येतो. सोळा खेळाडू असल्याने सामने फक्त पंधरा. आठ दिवसांत ते निवांत मावतात. दुसरं टेबल लावण्याची गरजही नाही.

१०. निमंत्रित खेळाडूने माघार घेतली तर?

क्रमवारीतल्या पुढच्या खेळाडूला बोलावलं जातं. ही जागा नुसती नावापुरती नसते. २०२० मध्ये ओसलिव्हनने खेळायला नकार दिला आणि सतराव्या क्रमांकाचा अली कार्टर आत आला. तो थेट अंतिम सामन्यात पोचला आणि स्टुअर्ट बिंगहॅमकडून ८–१० असा हरला.

२०२१ मध्ये जड ट्रम्प आणि जॅक लिसोव्स्की यांची कोरोना चाचणी ऐनवेळी पॉझिटिव्ह आली, तेव्हा जो पेरी आणि गॅरी विल्सन यांना घेतलं. २०२३ मध्ये निलंबित झालेल्या यान बिंगताओ आणि झाओ शिनटाँग यांच्या जागी होसैन वफाई आणि डेव्हिड गिल्बर्ट आले (प्रश्न १७ पाहा). इराणच्या वफाईने मिळालेल्या संधीचं सोनं केलं आणि पहिल्याच सामन्यात मार्क सेल्बीला ६–२ ने हरवलं.

११. पूर्वी वाइल्ड कार्डनेही प्रवेश मिळायचा ना?

मिळायचा. खेळाडूंची संख्याही सुरुवातीपासून सोळा नव्हती. पहिल्या वर्षी दहा होते, सोळा झाले १९८३ मध्ये. १९९० च्या दशकापासून पात्रता स्पर्धेतून आलेला आणि आयोजकांनी निवडलेला असे जादा खेळाडू येत आणि खालच्या मानांकितांशी आधी एक फेरी खेळत. डिंगने २००७ मध्ये १४७ चा ब्रेक केला तो अशाच वाइल्ड कार्ड फेरीत. गेली बरीच वर्षं ही पद्धत बंद आहे. आता सोळांत यायचं तर वर्षभर खेळून, आणि तेच योग्य आहे.

१२. सर्वाधिक वेळा कोण जिंकलं? आणि हेंड्रीला चषक कायमचा दिला हे खरं का?

सर्वाधिक आठ विजेतेपदं रॉनी ओसलिव्हनची: १९९५, २००५, २००७, २००९, २०१४, २०१६, २०१७ आणि २०२४. सगळ्यात तरुण विजेता तोच, १९ व्या वर्षी, आणि सगळ्यात वयस्कर विजेताही तोच, ४८ व्या वर्षी. मधल्या एकोणतीस वर्षांत प्रतिस्पर्ध्यांच्या दोन पिढ्या येऊन गेल्या.

दुसरा स्टीफन हेंड्री, सहा विजेतेपदं. त्यातली पाच सलग, १९८९ ते १९९३. पाचव्या वेळी मूळ चषक त्याला कायमचा देण्यात आला, हे खरं आहे. या पाचांतलं १९९१ चं विजेतेपद सगळ्यांत अशक्य वाटावं असं होतं. माइक हॅलेट ७–० आणि मग ८–२ ने पुढे होता, एक फ्रेम हवी होती. हेंड्रीने सलग सात जिंकून ९–८ केलं. याच हॅलेटला १९८८ च्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसने ९–० ने हरवलं होतं. मास्टर्सच्या अंतिम सामन्यात एकही फ्रेम न मिळण्याची ती एकमेव वेळ. चांगल्या खेळाडूच्या वाट्याला हे दोन्ही सामने आले, आणि लोक त्याला तेवढ्यासाठीच ओळखतात याचं वाईट वाटतं.

हेंड्रीची घोडदौड १९९४ मध्ये ॲलन मॅकमॅनसने थांबवली, तीही ९–८ अशी शेवटच्या फ्रेममध्ये.

१३. चषकाला पॉल हंटरचं नाव का आहे?

लीड्सच्या पॉल हंटरने चार वर्षांत तीनदा मास्टर्स जिंकली आणि तिन्ही वेळा १०–९ अशी. २००१ मध्ये फर्गल ओब्रायनविरुद्ध पहिल्या सत्राअखेर २–६ मागे. २००२ मध्ये मार्क विल्यम्सविरुद्ध ०–५ मागे. २००४ मध्ये ओसलिव्हनविरुद्ध २–७ मागे. असं एकदा घडलं तर दैव म्हणता येईल. तीनदा घडलं म्हणजे त्या माणसाचं काळीजच तसं होतं. मागे पडला की त्याचे खांदे पडत नसत. हसतमुखाने टेबलाशी यायचा आणि शतकी ब्रेक मारून जायचा.

ऑक्टोबर २००६ मध्ये कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचं वय २७ होतं. चषकाला त्याचं नाव देण्याची मागणी चाहते आणि खेळाडू लगेच करू लागले होते. ते व्हायला २०१६ उजाडलं. एवढा उशीर व्हायला नको होता, पण आज विजेता जो चषक उचलतो तो पॉल हंटर ट्रॉफी म्हणूनच ओळखला जातो.

१४. मास्टर्समध्ये १४७ किती वेळा झाले?

२०२५ पर्यंत सहा वेळा. पहिला १९८४ मध्ये, उपांत्य सामन्यात, नखशिखांत पांढऱ्या सुटातल्या कॅनडाच्या कर्क स्टीव्हन्सने जिमी व्हाइटविरुद्ध केला. सामना मात्र व्हाइटने जिंकला आणि पुढे स्पर्धाही. दुसऱ्यासाठी २००७ उजाडावं लागलं (डिंग, प्रश्न ११). मग २०१५ मध्ये मार्को फू, २०२४ मध्ये पुन्हा डिंग आणि त्याच आठवड्यात मार्क ॲलन, आणि २०२५ च्या उपांत्य सामन्यात मर्फी. डिंगचा दुसरा १४७ ओसलिव्हनविरुद्ध होता, आणि ती लढत डिंग हरला. एक फ्रेम कितीही देखणी झाली तरी ती एकच मोजली जाते.

१५. पन्नासचाही ब्रेक न करता कोणी मास्टर्स जिंकली, हे खरं आहे?

खरं आहे. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पेरी मान्सने अंतिम सामन्यात ॲलेक्स हिगिन्सला ८–४ ने हरवलं आणि संपूर्ण स्पर्धेत त्याचा सर्वोच्च ब्रेक होता ४८. मान्सचा खेळ एकेका चेंडूचा. कुठूनही, कोणत्याही कोनातून तो चेंडू पॉकेटमध्ये घालायचा. पांढऱ्याला पुढच्या चेंडूसाठी जागेवर आणण्याची आजच्यासारखी सफाई त्याच्याकडे नव्हती. मग पुढचाही चेंडू तितकाच अवघड, आणि तोही तो घालायचा. वीस-तीस गुणांच्या तुकड्यांत फ्रेम गोळा व्हायची. आता एका संधीत फ्रेम संपवणारे खेळाडू समोर असताना असा विजय होणं कठीण.

१६. भारतीय खेळाडू मास्टर्समध्ये दिसला आहे का?

क्रमवारीच्या पहिल्या सोळांत अजून एकाही भारतीयाला जागा मिळालेली नाही, आणि दार तेच आहे. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी व्यावसायिक सर्किटवर असताना २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. मुंबईचा आदित्य मेहता त्याच वर्षी दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यात खेळला. तिथे डिंगने त्याला ५–० ने हरवलं. सोळांत येण्यासाठी अशी कामगिरी दोन वर्षं सतत करावी लागते, आणि त्यासाठी बहुतेकांना ब्रिटनमध्ये मुक्काम हलवावा लागतो. हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरला जन्मला असं मानलं जातं. मास्टर्स त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी सुरू झाली.

१७. यान बिंगताओवर बंदी आली. मग त्याचं २०२१ चं विजेतेपद काढून घेतलं का?

नाही. पदार्पणातच, विसाव्या वर्षी, त्याने जॉन हिगिन्सला १०–८ ने हरवून ते मिळवलं होतं आणि विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव कायम आहे. सामनानिश्चितीच्या प्रकरणात २०२३ मध्ये त्याला पाच वर्षांची बंदी मिळाली. त्या वयात इतका परिपक्व सेफ्टी खेळणारा खेळाडू दुर्मीळ. त्याने स्वतःच्या खेळाचं केलेलं नुकसान कोणत्याही यादीत मोजता येणार नाही.

१८. नावात ‘मास्टर्स’ असलेल्या सगळ्याच स्पर्धा निमंत्रितांच्या असतात का?

नाही, आणि इथे नावावर जाऊ नका. बर्लिनची जर्मन मास्टर्स क्रमवारीची स्पर्धा आहे. शांघाय मास्टर्स आधी क्रमवारीची होती, २०१८ पासून निमंत्रितांची झाली. उलट चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्सच्या नावात मास्टर्स नाही, पण ती निमंत्रितांची आहे. तिथे वर्षभरातल्या स्पर्धांच्या विजेत्यांना बोलावतात. २०२४ मध्ये रियाधला सुरू झालेल्या निमंत्रितांच्या स्पर्धेत वीस गुणांचा सोनेरी चेंडू आणला गेला, जो १४७ पूर्ण केल्यावरच घेता येतो. नुसतं ‘द मास्टर्स’ म्हटलं तर ती लंडनचीच.

१९. फ्रेममध्ये गुण बरोबरीत सुटले तर?

काळा चेंडू पुन्हा त्याच्या जागी ठेवतात. नाणेफेक होते आणि ती जिंकणारा ठरवतो की आधी कोणी खेळायचं. पांढरा टेबलावर आखलेल्या अर्धवर्तुळातून खेळायचा. मग पहिल्यांदा जो काळा घालेल त्याची फ्रेम, किंवा पहिल्यांदा जो फाउल (नियमभंगाचा फटका) करेल त्याची हार.

मास्टर्सचे दोन अंतिम सामने याच्याच बळावर, शेवटच्या फ्रेममध्ये ठरले आहेत. पहिल्याच वर्षी, १९७५ मध्ये, जॉन स्पेन्सरने रे रीर्डनला ९–८ ने हरवलं तेव्हा, आणि १९९८ मध्ये ६–९ ने मागे असलेल्या मार्क विल्यम्सने हेंड्रीला १०–९ ने हरवलं तेव्हा.

२०. टेबलावर पुरेसे गुण उरलेले नसतानाही खेळाडू का खेळत राहतो?

फाउलचे गुण मिळतील या आशेने. समजा दोन लाल उरले आहेत. त्यांचे काळ्यासकट १६ आणि रंगांचे २७, एकूण ४३. तुम्ही ५० ने मागे आहात. सगळं टेबल साफ केलं तरी सात गुण कमी पडतात. फाउलचे किमान चार, जास्तीत जास्त सात गुण समोरच्याला मिळतात. म्हणजे चारचे दोन फाउल घडवून आणले तर जिंकता येईल. समालोचक ‘दोन स्नूकर हवेत’ म्हणतात ते हेच. मग पांढरा एखाद्या रंगीत चेंडूमागे दडवायचा आणि समोरच्याला चुकायला लावायचं. हा खेळ कंटाळवाणा म्हणून ज्यांनी टीव्ही बंद केला, त्यांनी बारकाव्यांनी भरलेला भाग सोडला असं मी म्हणेन.

२१. फाउल झाल्यावर पंच चेंडू पुन्हा जागेवर ठेवून तोच फटका परत का खेळायला लावतात? याला काही मर्यादा आहे का?

याला ‘फाउल आणि मिस’ म्हणतात. खेळाडूने ठरलेला चेंडू (पांढरा नियमाप्रमाणे आधी ज्याला लागायला हवा तो) लागण्यासाठी पुरेसा चांगला प्रयत्न केला नाही असं पंचांना वाटलं, तर ते मिस देतात. मग समोरच्याला तीन पर्याय असतात: स्वतः खेळणं, आहे त्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खेळायला लावणं, किंवा चेंडू आधी होते तसे ठेवायला सांगणं. तिसरा पर्याय घेतला तर पंच पडद्यावरच्या आधीच्या चित्राशी ताडून एकेक चेंडू केसभर सरकवत जागेवर आणतात आणि दोन्ही खेळाडूंना विचारून खात्री करतात. प्रत्येक चुकीचे गुण वेगळे द्यावे लागतात, त्यामुळे एका अवघड स्नूकरमध्ये वीस-पंचवीस गुण सहज जातात.

अपवाद दोन आहेत. गुणांतला फरक असा असेल की कोणा एकाला स्नूकरची गरज आहे (प्रश्न २०), तर मिस दिली जात नाही. दुसरा अपवाद नव्हे, शिक्षाच आहे. ठरलेला चेंडू सरळ, पूर्ण लागू शकेल असा समोर मोकळा दिसत असताना तो चुकला आणि चेंडू परत ठेवून पुन्हा चुकला, तर पंच ताकीद देतात. तिसऱ्यांदा चुकला की गुण कितीही असोत, फ्रेम समोरच्याची. बारीक स्पर्श करून पांढरा सुरक्षित परत आणण्याच्या नादात मोठमोठे खेळाडू इथवर येतात. ताकीद मिळाल्यावर मात्र बहुतेक जण गुपचूप चेंडूच्या मध्यावर मारतात, मग पांढरा कुठेही जावो.